आगोटीचा पैसा : सिंधुदुर्गातील हंगामी ठेवीदारांचे मागणीपत्र

सिंधुदुर्गनगरी (ओरोस)
जानेवारी २०२६

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग,
तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय बँक सल्लागार समिती

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक, जिल्ह्यातील बँकांचे शाखाधिकारी, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, डाक अधीक्षक

विषय : बचत खात्यावरचे व्याज घटत असताना हंगामी उत्पन्नाच्या पैशाची सुरक्षित व वाजवी सोय होण्याबाबत



आम्ही देवगडपासून दोडामार्गापर्यंतचे आंबा-काजू बागायतदार, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि तारकर्ली-देवबागला निवास-न्याहारी चालवणारी कुटुंबे, अशा हंगामी ठेवीदारांच्या संघटनेचे सभासद आहोत. आमचे धंदे वेगळे असले तरी अडचण एकच आहे. आम्हाला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळत नाही. वर्षाचा बहुतेक पैसा दोन-चार महिन्यांत हातात येतो आणि उरलेले वर्ष त्यावर काढावे लागते.

बागायतदाराच्या विक्रीची पट्टी एप्रिल-मेमध्ये होते. त्यानंतर आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, येते : तांदूळ, सुके मासे, मिरची-मसाला, घरावरची कौले, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. पावसात खते आणि झाडाला मोहोर यावा म्हणून कल्टार, मग गणपती, आणि नोव्हेंबरपासून मोहोरावरच्या फवारण्या. होडीवाल्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि नेमकी याच दोन महिन्यांत इंजिन, जाळी आणि रंगकामाची देणी असतात. पर्यटनवाल्याचा हंगाम मेअखेर संपतो, समुद्रातले जलक्रीडा प्रकार ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात आणि पावसाने खराब केलेल्या खोल्यांची डागडुजी मात्र दिवाळीपूर्वी उरकावीच लागते. तेव्हा मेअखेर आमच्या खात्यावर जी रक्कम दिसते तिला शिल्लक म्हणता येत नाही. तो पुढच्या आठ महिन्यांचा खर्च असतो, फक्त अजून झालेला नसतो. हा पैसा शेअर बाजारात घालता येत नाही, पाच वर्षांसाठी अडकवताही येत नाही. तो दोन, तीन किंवा सहा महिनेच थांबणारा पैसा आहे. त्याची नीट सोय व्हावी, एवढ्यासाठीच हे मागणीपत्र आहे.

व्याजदर उतरताना असा पैसा सर्वांत आधी सोसतो. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ७ फेब्रुवारी २०२५ रोजी साडेसहावरून सव्वासहा टक्क्यांवर आणला, ९ एप्रिलला सहावर, ६ जूनला साडेपाचवर आणि ५ डिसेंबरला सव्वापाचवर. वर्षभरात सव्वा टक्का गेला. कर्जे स्वस्त व्हावीत म्हणून ही कपात झाली आणि आम्हीही कर्ज काढतो, त्यामुळे कपातीविरुद्ध आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने, म्हणजे स्टेट बँकेने, १५ जून २०२५ पासून बचत खात्याचा दर २.७० वरून २.५० टक्क्यांवर आणला आणि मोठ्या खाजगी बँकाही त्याच सुमारास अडीच टक्क्यांवर आल्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात हाच रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर चढला होता. त्या अडीच टक्क्यांच्या चढाईत स्टेट बँकेच्या सामान्य बचत खात्याचा दर २.७० वरच थांबला होता. वाढ मिळाली ती १० कोटींच्या वरची शिल्लक असलेल्या खात्यांना. आमच्या जिल्ह्यात किती बागायतदारांच्या खात्यात १० कोटी असतात, हे समितीला सांगायला नको.

बँका यात कोणताही नियम मोडत नाहीत, हे आम्ही जाणतो. बचत खात्याचा दर ठरवण्याची मोकळीक त्यांना २५ ऑक्टोबर २०११ पासून आहे. त्याआधी तो दर रिझर्व्ह बँक ठरवी आणि २०११ च्या मेपासून तो ४ टक्के होता. पण दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकेला दिले, तर तो दर वेळेवर कळण्याचा आणि त्यावर दुसरी सोय मिळण्याचा हक्क ठेवीदाराला हवा. आज हा हक्क कागदावर आहे, काउंटरवर नाही.

आकडा लहान वाटेल, तरी मांडतो. नोव्हेंबरच्या फवारणीसाठी राखलेले २ लाख रुपये जून ते नोव्हेंबर बचत खात्यात पडून राहिले, तर अडीच टक्क्यांनी अडीच हजार मिळतात. तेच सहा महिन्यांच्या मुदतठेवीत ठेवले आणि दर साडेपाच टक्के धरला, तर साडेपाच हजार होतात. फरक ३ हजारांचा, म्हणजे एका गड्याची चार-पाच दिवसांची मजुरी. गावागावांतल्या अशा खात्यांची बेरीज केली तर किती रक्कम आम्ही दर पावसाळ्यात नुसती सोडून देतो, याचा अंदाज येईल.

मग लोक मुदतठेव का करीत नाहीत? आमच्या बैठकांत हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांनी एकच उत्तर दिले : "मध्येच मोडूक लागली तर?" १५ आणि १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, झाडावरचा आंबा जमिनीवर आला, छपरे उडाली, वीज गेली. त्या आठवड्यात ज्याच्या हाताशी पैसा होता तोच उभा राहिला. ती आठवण अजून ताजी आहे, आणि ही भीती कोणी मूर्खपणाची ठरवू नये. पण हिशेब केला तर ती पुरती खरी नाही. सहा महिन्यांची ठेव तीन महिन्यांत मोडली, तर बँक तीन महिन्यांचा दर लावून त्यातून साधारण अर्धा ते एक टक्का कापते. तीन महिन्यांचा दर ५ टक्के धरला तरी मोडून हातात चार ते साडेचार पडतात. बचत खात्याच्या अडीचपेक्षा ते जास्तच आहेत. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की १ कोटीपर्यंतची वैयक्तिक ठेव मुदतीआधी मोडण्याची सोय बँकेला द्यावीच लागते. ही साधी गोष्ट आम्हाला आमच्याच एका सभासदाच्या बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीने समजावली. काउंटरवर ती कोणी सांगितली नव्हती.

पहिली मागणी म्हणून आम्ही दरफलक मागतो. प्रत्येक शाखेत, आत शिरताच दिसेल असा, मराठीत. त्यावर बचत खात्याचा दर आणि ४६ दिवस, ९१ दिवस, १८० दिवस व एक वर्षाच्या ठेवींचे दर असावेत, ठेव मोडल्यास किती कापले जाईल हेही असावे. दर बदलला त्याच दिवशी फलक बदलावा. बचत खात्याचा दर कमी करायचा असेल तर खातेदाराला मोबाइलवर मराठी संदेश जावा. हप्ता थकला तर त्याच मोबाइलवर दिवसाला तीन संदेश येतात, तेव्हा हे अवघड नाही.

दुसरी मागणी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. जिल्ह्यातल्या बँकांनी हंगामी ठेवीदारांसाठी वेगळी ठेव सुरू करावी. तिला आम्ही आपसात "आगोट ठेव" म्हणतो; बँकेने हवे ते नाव द्यावे. एप्रिल ते जून या काळात ती उघडावी, मुदत ९० ते २७० दिवस असावी आणि तिच्यातून दहा-दहा हजारांच्या पटीत पैसे काढता यावेत. जेवढे काढले तेवढ्यावरच मोडल्याचा दर लागावा, उरलेली ठेव मूळ दराने चालू राहावी आणि दंड नसावा. यात नवे काही नाही. बचत खात्याला जोडलेल्या, ठरावीक रकमेवरची शिल्लक आपोआप ठेवीत वळवणाऱ्या आणि गरजेपुरतीच मोडणाऱ्या ठेवी मोठ्या बँकांत वर्षानुवर्षे आहेत. स्टेट बँकेची अशी ठेव हजार-हजार रुपयांच्या पटीत मोडता येते. मात्र त्या कोणी मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि ज्याला ठाऊक नाही तो मागणार कसा? जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे मुख्यालय इथेच ओरोसला आहे. मुदतीआधी मोडल्यास किती कापायचे, हे बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचे असते. तेव्हा दिल्ली-मुंबईच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. बँक म्हणेल, तीन-सहा महिन्यांचा पैसा आम्हाला काय कामाचा, आमची कर्जे लांब मुदतीची. पण या जिल्ह्यातल्या बँका पीककर्ज देतात, आणि खरिपाचे पीककर्ज एप्रिल ते सप्टेंबर वाटले जाते. ज्या महिन्यांत बँकेला द्यायला पैसा लागतो, त्याच महिन्यांत आमच्याकडे ठेवायला पैसा असतो. ही जुळणी कोणी पाहिली नाही, असे आम्हाला वाटते. समितीच्या पुढच्या तिमाही बैठकीत अग्रणी बँकेने जिल्ह्याच्या ठेवींचे महिनावार आकडे मांडावेत. आमचे म्हणणे चूक असेल तर ते आकडेच दाखवतील.

तिसरी मागणी पोस्टाविषयी आहे. पोस्टाच्या बचत खात्यावर आजही ४ टक्के व्याज आहे. डिसेंबर २०११ पासून तो दर बदललेला नाही आणि खाते ५०० रुपयांत उघडते. एक वर्षाच्या मुदतठेवीवर ६.९ टक्के मिळतात. बँका उतरत असताना पोस्टाने दर टिकवून धरले, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण तिथे दोन अडचणी आहेत. पहिली, बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकीवर धरले जाते. ११ तारखेला १ लाख भरले तर त्या महिन्याचे व्याज शून्य. महिनाअखेरीच्या २ दिवस आधी काढले तरी तेच. बँकांनी ही पद्धत १ एप्रिल २०१० पासून सोडली आणि रोजच्या शिल्लकीवर व्याज सुरू केले. पोस्टाला अजून ते करता आलेले नाही. दुसरी, वर्षाची ठेव पहिल्या सहा महिन्यांत मोडताच येत नाही आणि त्यानंतर वर्षाआधी मोडली तर ४ टक्केच मिळतात. सहा महिन्यांची ठेव पोस्टात नाही, आणि आम्हाला तीच लागते. जिल्हाधिकाऱ्यांनी या दोन्ही बाबी शिफारशीसह केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे पाठवाव्यात. तोवर निदान प्रत्येक पोस्टात १० तारखेचा नियम ठळक लिहून लावावा. किती जणांचे किती महिने या एका तारखेने गेले असतील!

चौथी मागणी लिहिताना आमचा हात जड होतो. देवबागच्या आमच्या एका सभासद ताई दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये बँकेत गेल्या. हंगामात चार खोल्यांतून जमलेले दीड लाख दिवाळीपर्यंत ठेवायचे होते. पासबुक पावसात भिजू नये म्हणून त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेले होते. काउंटरवरच्या माणसाने सांगितले, ठेवीपेक्षा चांगली योजना आहे, व्याजही जास्त. फॉर्म इंग्रजीत होता. सही इथे, इथे आणि इथे. ऑक्टोबरमध्ये त्या पैसे काढायला गेल्या, तेव्हा कळले की ती ठेव नसून विमा पॉलिसी आहे आणि हा तिचा पहिला वार्षिक हप्ता होता. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. डागडुजीसाठी त्यांना सोने गहाण ठेवावे लागले. त्या बँकेचे नाव आम्ही इथे घेत नाही. बैठकांत वेगवेगळ्या गावांतून असेच अनुभव ऐकले, म्हणून हा प्रश्न एका शाखेचा नाही.

आम्ही मागतो ते असे. मुदतठेवीच्या काउंटरवर विमा किंवा म्युच्युअल फंड विकू नये. विकायचे असेल तर वेगळे टेबल, वेगळा मराठी अर्ज आणि वर मोठ्या अक्षरांत "ही ठेव नाही" हे तीन शब्द असावेत. वयाची साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या उपस्थितीतच सही घ्यावी. आणि ज्यांची अशी फसगत झाली आहे, त्यांच्या अर्जांसाठी अग्रणी बँकेने एक अधिकारी नेमावा.

पाचवी मागणी : ठेव संपण्याच्या १५ दिवस आधी कळवावे. अनेकांच्या ठेवी जुलै-ऑगस्टमध्ये संपतात आणि तेव्हा कोणी शेतात असतो, कोणी मुलाकडे मुंबईला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे मुदत संपूनही न काढलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला कमी असेल तो मिळतो. म्हणजे विसरलेली ठेव अडीच टक्क्यांवर येऊन पडते. अर्जातला "मुदतीनंतर काय करायचे" हा रकाना कर्मचाऱ्याने विचारून भरावा, रिकामा ठेवू नये.

सहावी मागणी सुरक्षिततेची आहे आणि ती पतसंस्थांशी संबंधित आहे. व्याज उतरले की आमची माणसे अर्धा-एक टक्का जास्त देणाऱ्या दाराकडे वळतात. बँकेतली ठेव, मग ती सरकारी असो, खाजगी, नागरी सहकारी किंवा जिल्हा बँक, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. जिल्ह्यात चांगल्या पतसंस्था आहेत, आमच्यातले काही जण त्यांचे संचालकही आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध हे लिहिलेले नाही. पण ठेवीदाराला फरक माहीत हवा. उपनिबंधक कार्यालयाने प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर "येथील ठेवींना ठेव विमा संरक्षण लागू नाही" असा फलक लावण्यास सांगावे. ज्या चांगल्या आहेत त्यांचे त्याने काही बिघडणार नाही.

हा आग्रह का, ते आमच्या मुंबईच्या नातलगांना विचारावे. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खात्यातून एक रुपया काढता येईना. ज्या जॉर्ज फर्नांडिसांनी कोकण रेल्वेसाठी जिवाचे रान केले, त्यांनीच १९६८ मध्ये कामगारांसाठी काढलेली ही बँक. त्यामुळे गिरणगावातल्या कितीतरी चाकरमान्यांना ती आपली वाटे. पहिले पंचवीस हजार मिळाले ते २७ फेब्रुवारीपासून. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. पण मधले सहा महिने ज्यांचे औषधपाणी थांबले, त्यांना विम्याच्या ५ लाखांचे मोल कळले. २०१९ मध्ये पीएमसी बँक अडली तेव्हा मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला याहून फार लांब वाट आली होती. म्हणून हंगामाचा सारा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नका, असे आम्ही सभासदांना सांगत आहोत. आठवड्याला व्याज देणाऱ्या दादरच्या टोरेस कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये लोकांचा पैसा कसा बुडवला, तेही सांगत आहोत.

सातवी मागणी लहान आहे. आगोटीपूर्वी, म्हणजे एप्रिलमध्ये, प्रत्येक तालुक्यात एक दिवसाचे शिबिर घ्यावे. ठेवींच्या जोडीला रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टची माहितीही द्यावी. नोव्हेंबर २०२१ पासून कुणालाही तिथून थेट सरकारची ९१ किंवा १८२ दिवसांची ट्रेझरी बिले १० हजारांपासून घेता येतात. मेअखेर घेतलेले ९१ दिवसांचे बिल ऑगस्टअखेर नारळी पौर्णिमेच्या सुमारास हातात येते, १८२ दिवसांचे नोव्हेंबरअखेर फवारणीच्या तोंडावर. यंदा अधिक महिन्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे ९१ दिवसांच्या बिलाचा पैसा गणपतीच्या खर्चालाही वेळेवर येतो. आमचे वर्ष आणि सरकारची मुदत एवढी जुळत असताना ही सोय गावात पोचू नये, याचे वाईट वाटते.

आम्ही फक्त मागणारे नाही, आमच्या बाजूनेही काही करू. सभासदांना आम्ही चार गोष्टी सांगत आहोत आणि त्या गावबैठकांत वाचून दाखवू. हातात पैसा आला की आधी महागडे कर्ज फेडा. नऊ-दहा टक्क्यांचे सोनेतारण कर्ज अंगावर ठेवून साडेपाच टक्क्यांची ठेव करण्यात शहाणपण नाही. दीड महिन्याच्या आत लागणारा पैसा बचत खात्यातच राहू द्या; तेवढ्या मुदतीच्या ठेवीचा आणि बचतीचा दर जवळपास सारखाच असतो. उरलेल्याचे तुकडे करा, तीन महिन्यांचा एक आणि सहा महिन्यांचा एक, म्हणजे एक मोडला तरी दुसरा शाबूत राहतो. आणि जे कागद वाचता येत नाहीत त्यांवर सही करू नका. शाखेतल्या कर्मचाऱ्यांवर राग काढू नका, हेही सांगत आहोत. एका माणसाने तीन माणसांचे काम करायचे आणि वर विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे, असे त्यांचे हाल आम्ही पाहतो. दरफलक आणि आगोट ठेव आली तर त्यांचाही रोजचा वेळ वाचेल.

आमची विनंती एवढीच आहे : हे मागणीपत्र समितीच्या येत्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, आमच्या दोन प्रतिनिधींना त्या बैठकीस बोलवावे आणि प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही असे लेखी उत्तर ३१ मार्चपूर्वी द्यावे. नाही असेल तर कारण लिहावे. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या जोरात वाशीच्या बाजाराला जातील आणि १ जूनला होड्या पाण्याबाहेर येतील. त्या दोन वेळांच्या मध्ये आमचा वर्षाचा बहुतेक पैसा खात्यावर येतो.

आपले विश्वासू,
संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हंगामी ठेवीदार